बाराव्याला सर येणार आहेत

लिस्बन,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

प्रिय शिवदासदादा,

नमस्कार. आम्ही तिघंही इथे बरे आहोत. सेजल शाळेतून पोर्तुगीज गाणी म्हणत येते आणि माझे उच्चार सुधारते. कोपऱ्यावरच्या दुकानातला पाव आपल्या उंड्याच्या जवळपास जातो, पण गौरवी ते मान्य करत नाही. आईचे गुडघे कसे आहेत? तेल संपलं असेल तर डिचोलीहून आण.

फोन सोडून मेल का, म्हणून चक्रावला असशील. तू फोन स्पीकरवर ठेवतोस आणि आई शेजारी बसून सगळं ऐकते. हे तू एकट्याने वाच.

मी आणि गौरवी अजून गावी सर्वणलाच राहतो असं आमच्या ऑफिसांना वाटतं, हे तुला नव्याने सांगायला नको. बाबांच्या पोर्तुगीज राजवटीतल्या जन्मदाखल्यावर इथले पासपोर्ट मिळाले आणि नोकऱ्या न सोडता आम्ही इकडे आलो. ऑफिसांचे लॅपटॉप तुझ्याकडे देवघराशेजारच्या फळीवर, आणि पहाटे चारला उठून आम्ही ते इथून चालवतो. वर्षभराची सोय म्हणालो होतो, आता तिसरं वर्ष लागलं. वीज गेली की राउटर बघायला घरात कुणीतरी हवं, म्हणून तू वास्कोची बंदरातली नोकरी नाकारलीस. आईला म्हणालास, "माका ती जमूची नाय." खरं कारण मला कळलं होतं दादा. मी गप्प बसलो, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

पण मेल त्यासाठी नाही.

गेल्या आठवड्यात बुधवारी माझ्या ऑफिसच्या नाईकसरांनी सांगितलं, सोमवारपासून आठवडाभर सगळ्यांनी पणजीच्या ऑफिसात हजर राहायचं, बाहेरून मोठे लोक येणार आहेत. मी म्हणालो, आई आज पहाटे वारली. सुतक आहे, बाराव्यापर्यंत घर सोडता येणार नाही.

लिहिलं एकदाचं. आपल्या आईबद्दल बोललो मी हे. आजारी आहे म्हटलं असतं तर दोन दिवस मिळाले असते. सुतक म्हटल्यावर कुणी वाद घालत नाही, हे माझ्याआधी माझ्या जिभेला सुचलं. सरांचा आवाज भरून आला. मलाही रडू आलं, आणि रडणं तेवढं खरं होतं.

त्यांनी आईचा फोटो मागितला. सेजलच्या वाढदिवसाचा, केसांत अबोली माळलेला, तो पाठवला. ऑफिसच्या ग्रुपवर त्याखाली छत्तीस जणांनी श्रद्धांजली लिहिली. गौरवी तेव्हापासून माझ्याशी फक्त सेजलसमोर बोलते.

सर पेडण्याचे, रीतभात पाळणारे. रविवारी बाराव्याला ते समाचाराला आपल्या घरी येणार आहेत. मी परोपरीने नको म्हणालो. "अरे, अशा वेळी येवचां नाय तर कधी?" असं म्हणून त्यांनी विषयच संपवला.

ह्या मेलचा पहिला मसुदा वेगळा होता. त्यात तुला लिहिलं होतं, रविवारी आईला तारामावशीकडे ने, भिंतीवरच्या तिच्या फोटोला हार घाल, आणि मी अस्थी घेऊन गोकर्णाला गेलोय म्हणून सांग. सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. पाठवणार, तेवढ्यात नेहमीसारखा आईला फोन लावला. त्या बुधवारपासून रोज लावतो. आई म्हणाली, "रोज कित्याक फोन करतंस रे? मी खंय जातंय?"

मसुदा पुसून टाकला.

मला भीती वाटते दादा. नोकरी गेली तर इथलं घर सोडावं लागेल, आणि आपल्या घरी यायला आता मला व्हिसा लागतो. पण सर हार घेऊन दारात उभे राहिले आणि आईला तेव्हा कळलं, तर कुठल्याच पासपोर्टवर मला त्या घरात पाय ठेवता यायचा नाही. त्याआधी मीच सांगायला हवं.

शनिवारी दुपारी तिचं जेवण झालं की फोन करतो. रविवारी तिने दारापुढच्या बलकांवावर तिच्या खुर्चीत बसून सरांना चहा द्यायचा की मावशीकडे जायचं, ते तिचं तिने ठरवावं. तू मध्ये पडू नकोस. माझ्यासाठी तू खूप बसलास घरात.

शनिवारी फोन स्पीकरवरच ठेव. मी ऐनवेळी काढ म्हणालो, तरी काढू नकोस.

तुझा,
आणि शनिवारनंतर तिने म्हणू दिलं तर तिचा,
साईश