हिऱ्यातली वाट आणि दावा क्र. १

१८ नोव्हेंबर, किहीम
आला! पेटंटचा तपासणी अहवाल आला. आईच्या डोळ्यात थेंब घालत होते (मोतीबिंदूचं ऑपरेशन, उजवा डोळा, परवाच झालंय), तेवढ्यात मोबाईल वाजला आणि थेंब तिच्या गालावर. "आंधळी कर मला." म्हटलं आई, केव्हाची वाट बघतेय याची!
अहवाल चांगला लांबलचक आहे, पण अर्थ एवढाच: दावा क्र. १ मध्ये नवीन काही नाही, हे आधीच कुणीतरी केलंय. आणि दा. १ म्हणजे अख्खा अर्ज. तो पडला की बाकीचे दावे त्याच्यामागून धडाधड.
राग यायला हवा. आलाही. पण तपासनीसाने वाचलंय! शब्दन् शब्द. आकृतीतली आमची एक चूकसुद्धा काढलीय. एवढं मन लावून आमच्या लॅबमध्येही कुणी वाचलेलं नाही. एकदम बरंच वाटलं.

१९ नोव्हें.
आई काळा चष्मा लावून ओटीवर. वाचता येत नाही, टीव्ही बंद, म्हणून माझी उलटतपासणी.
"हिऱ्याला भोक पाडता का गं?"
भोक नाही गं. नखाएवढी हिऱ्याची पट्टी. लेझरने तिच्या पोटात दोन काळ्या रेघा काढायच्या, शेजारी शेजारी. मधल्या पट्ट्यातून उजेड जातो. ती आमची प्रकाशवाट. त्या वाटेत मुद्दाम एक दोष ठेवायचा: एक कार्बन गायब, त्याच्या शेजारी नायट्रोजन. त्या दोषावरच पुढची सगळी क्वांटम यंत्रं.
"म्हणजे चांगला हिरा घ्यायचा नि त्यात दोष काढायचा. तुझी आत्या हेच करते."
गोम अशी की दोष कामाचा व्हायला पट्टी भट्टीत तापवावी लागते, आणि तापवली की वाट मरते. पलीकडच्या टोकाला उजेडाचा ठिपका दिसत नाही. आमची युक्ती: रेघा सलग नाहीत, तुटक. मग वाट जगते. हाच दा. १.

२२ नोव्हें.
ज्याच्या नावाने आमचं अडलंय तो परदेशी अर्ज वाचला. त्याला प.मा. म्हणू, पहिला माणूस. तुटक रेघा! त्यानेही! पुढे लिहितो, हवं तर पट्टी तापवावी. आणि मग एक बिचारं वाक्य: तापवल्यावर निकाल दर वेळी सारखे येत नाहीत. पुढे त्याने अर्ज चालवलाच नाही, सोडून दिला. पण छापला गेला, म्हणजे जगाला कळला, म्हणजे आमचं नवेपण गेलं.
कर्णिकांना फोन. आमचे पेटंट एजंट, मुंबईचे, आवाज कायम गार. "मॅडम, घाबरताय कशाला? त्याच्या मापांनी वाट काढा, तापवा, मेलेली दाखवा. तक्ता जोडू. विषय संपला."

३ डिसेंबर
आजपासून पनवेलच्या लॅबमध्ये प.मा.ची पद्धत. रुबीना, लॅबमधली माझी जोडीदार, रेवदंड्याहून, मी किहीमहून, अलिबाग स्टँडवर भेट आणि पुढे एसटी. लेझर रुबीनाचा, दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नाही.
पट्ट्या काढताना म्हणाली, "ताई, जुन्या डबीतल्या राहू देत आपल्या कामाला. ह्या साहेबांना सुरतेच्या नव्या देऊ." हो म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? आपल्याकडे चांगलं ते जपूनच ठेवतात.

१० डिसें.
भट्टी उघडली. ठिपका नाही. एकाही पट्टीत नाही! प.मा.च्या सगळ्या वाटा खलास. रुबीना नि मी टेबलाभोवती नाचलो.
परतताना एसटीतून कर्णिकांना ओरडून सांगितलं, "मेल्या! सगळ्या मेल्या!" पुढच्या सीटवरची म्हातारी वळली. "कोन गं बाय? कुठं झाला हा?" तिला समजावता समजावता पेण गेलं. शेवटी म्हणाली, "मानसं न्हाय ना, मग बरा हाय."

१७ डिसें.
तक्ता जाडजूड दिसावा म्हणून एक पट्टी आणखी करू म्हटलं. सुरतेच्या डबीत शेवटची एकच राहिलेली, ती अडीनडीला ठेवली. म्हणून प.मा.ची वाट जुन्या डबीतल्या पट्टीत.
तापवली. ठिपका आहे. स्वच्छ, गोल, लाल. आमच्यापेक्षा देखणा म्हटला तरी चालेल.
रुबीना "या अल्ला" एवढंच म्हणाली.

१९ डिसें.
मग उलट करून पाहिलं. सुरतेच्या त्या शेवटच्या पट्टीत आमची वाट. आमची, दा. १ वाली, जगणारी.
मेली.
म्हणजे तुटक रेघांचा काही संबंधच नाही? मग इतकी वर्षं आम्ही काय

२० डिसें.
कर्णिक: "पहिला तक्ता खोटा आहे का? नाही ना? मग तोच देऊ. पुढचं कुणी विचारलेलंच नाही."
नाही म्हटलं. जुन्या पट्ट्या आपल्याला आणि नव्या त्याला, ही कसली तुलना? नकळत केलं तोवर ठीक होतं. आता कळलंय.
"मग दा. १ कशाच्या जोरावर टिकवू, सांगा."
माहीत नाही. दा. १ हातचा जाणार हे दिसतंय. आणि तरी खरं सांगू? अंगात वारं संचारलंय. त्या दोन डब्यांत काहीतरी आहे. काय आहे?

२१ डिसें.
नायट्रोजनचं प्रमाण? तेच. जाडी? तीच. पॉलिश? रुबीनाने सूक्ष्मदर्शकाखाली तासभर बघितलं. "जुळ्या बहिणी आहेत, ताई."
आई पर्यटकांना कॉटेज भाड्याने देते, तिथे ठाण्याचे पाहुणे, त्यांना सुरमईच हवी. मी बाजारात गेले आणि बोंबील घेऊन आले. बोलणी खाल्ली.

२८ डिसें.
सापडलं!!!
सकाळी आईला धरून वाडीत फिरवत होते. सुपाऱ्या आजोबांनी दोरी लावून चौकोनात लावलेल्या. ओळीच्या तोंडाशी उभं राहिलं की थेट समुद्राकडचं कुंपण दिसतं. जरा सरकलं की सगळी खोडं एकमेकांत. आणखी तिरपं झालं की पुन्हा वाट उघडते, पण वेगळी, अरुंद. आई म्हणे, "थांबलीस का? ऊन लागतंय." तिला तिथेच कट्ट्यावर बसवून घरात पळाले.
हिऱ्यातही अणूंच्या अशाच ओळी. पट्टी चौकोनी, पण चौकोन कसा कापलाय? ओळींना समांतर की तिरका, कर्णाच्या दिशेने? दोन्ही पुरवठादारांचे कागद काढले. जुनी डबी तिरक्या कापाची, सुरतेची सरळ कापाची! डोळ्यांना दोन्ही सारख्याच. आणि रुबीना रेघा नेहमी पट्टीच्या कडेला धरून काढते. म्हणजे जुन्या पट्टीत रेघ आपोआप तिरक्या दिशेने जात होती, आणि नव्या पट्टीत नाही.
वाट जगते ती दिशेमुळे! निदान तसं दिसतंय.
रुबीनाला फोन. एवढी मोठी किंचाळी. तिची अम्मी धावत आली म्हणे, पाल दिसली वाटून. आई बाहेर कट्ट्यावर, तिला साफ विसरले. ती आपली आपण चालत आली आणि चहा फक्त स्वतःपुरता टाकला, म्हणजे फारच चिडलीय.

६ जानेवारी
सुरतेहून नवीन डबी आली. त्यातल्याच पट्टीत रेघ कडेला धरून नाही, कोपऱ्यातून कोपऱ्यात काढली. तुटक. तापवली.
जिवंत.
तशाच दुसऱ्या पट्टीत तिरकीच, पण सलग रेघ: मेली. म्हणजे तुटक हवीच, आणि दिशाही हवी. दोन्ही! तुटकपणाची अब्रू वाचली. रुबीनाने मला उचलून गरकन फिरवलं, तेही लेझरच्या खोलीत, जिथे जोरात शिंकलेलंही तिला चालत नाही.

११ जाने., रविवार
वाडीत पोपटीचा बेत. कर्णिक मांडव्याच्या बोटीने आले, पांढरे बूट घालून. शेजारच्या जनूकाकांनी मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी भरली, मडकं उलटं ठेवलं, भोवती जाळ. कर्णिक सारखे विचारत होते झालं का, झालं का. जनूकाका: "सायेब, वास आल्याबिगर काय पन हलवाचा न्हाय."
जाळाशी बसूनच दा. १ कापला. मूळ दावा: तुटक रेघांची कुठलीही वाट. नवा: तुटक रेघांची, आणि फक्त त्या एका दिशेची. कर्णिकांना (यापुढे नुसतं क.) हळहळ. "एवढा ऐसपैस दावा मॅडम, आणि आपल्याच हाताने..."
मी: ऐसपैस होता, पण खरा नव्हता ना.
पुढची अडचण. मूळ अर्जात नव्हतं ते दुरुस्तीत घुसडता येत नाही. दिशेचा उल्लेख अर्जात आहे? आहे, एका उदाहरणात: पट्टी कशी कापलेली आणि रेघ कडेला समांतर. दोन्ही जोडली की दिशा निघते. आम्हाला तेव्हा त्याचं महत्त्व शून्य होतं. तपासनीस म्हणू शकतो, हे तुम्हाला आत्ता सुचतंय.
क.नी चार शेंगा सोलल्या. मग: "सगळ्या पट्ट्या देऊ. मेलेल्या, जिवंत, सगळ्या. आता लपवण्यात मजा नाही." त्यांच्या तोंडी 'मजा' पहिल्यांदा ऐकलं. बुटांची वाट लागली होती, त्यांना पत्ता नव्हता.

१६ जाने.
उत्तर गेलं. मुदतीच्या बरंच आधी.

९ मार्च
सुनावणी लागली! २४ तारखेला, व्हिडिओवर. रुबीनाचे रोजे चालू आहेत. म्हणाली, ईद होऊन जाईल तोवर, दुवा मागून ठेवते.

२४ मार्च
झाली.
नेट चांगलं म्हणून आईच्या मोठ्या कॉटेजमध्ये बसलो, मी नि रुबीना. कर्णिक मुंबईहून. आईने दारावर 'आवाज करू नये' चिकटवलं आणि स्वतः बाहेर मिक्सर लावला.
अधिकारी बाई, आवाज शांत, अर्ज पाठ. क. छान बोलले. मग बाईंनी मलाच विचारलं, "तुमच्याच तक्त्याप्रमाणे त्या आधीच्या अर्जदाराची वाट काही पट्ट्यांत जगते. त्याच्या हातात योग्य कापाची पट्टी आली असेल तर त्याने तुमचीच वाट केली होती. बरोबर?"
क.चा चेहरा स्क्रीनवर दगड. आधी ठरलं होतं, असं काही आलं तर क.च बोलणार. पण प्रश्न मला होता.
म्हटलं, "बरोबर. केली असेल. पण त्याच्या अर्जात दिशा नाही. दुसऱ्या कुणी तो वाचून वाट काढली तर ती जगेल की मरेल ते नशिबावर. आमचा वाचून काढली तर जगेल."
बाईंनी लिहून घेतलं. मग, "दिशेने फरक का पडतो?"
"अजून माहीत नाही."
रुबीनाने टेबलाखाली माझा हात गच्च धरला. निर्णय राखून ठेवलाय.
कर्णिकांचा फोन: "माहीत नाही असं सुनावणीत कोण म्हणतं मॅडम?" मग, "पहिलं उत्तर चांगलं होतं."
नंतर शीरखुर्मा.

२ एप्रिल
आदेश नाही. साइट दिवसातून किती वेळा उघडते ते लिहीत नाही.
नवीन पट्टीत रुबीनाने सगळ्या कोनांच्या रेघा काढल्यात, पंख्यासारख्या. 'का' ते शोधायचंय. भट्टी सोमवारी उघडेल.
आईने आज विचारलं, "नाही मिळालं तर गं?"
म्हटलं, तर त्याचा अर्थ ती वाट त्या पहिल्या माणसाने आधीच केली होती.
"मग त्याला मिळणार?"
नाही. त्याने कधीच सोडून दिलंय. काही पट्ट्या जगल्या असतील, काही मेल्या असतील, आणि त्याला वाटलं असेल आपलाच हात वाईट. डबी बघायचं त्याला सुचलं नाही. आम्हालाही कुठे सुचलं होतं?
आई म्हणाली, "मग कळव की त्याला."
कर्णिकांनी बजावलंय, आदेश येईपर्यंत त्या माणसाला एक अक्षर नाही. पटतं मला. पण दा. १ मिळो न मिळो, हे त्याला कुणीतरी सांगायलाच हवं. त्याचा हात वाईट नव्हता.
पत्ता शोधून ठेवलाय. तो अजून हिऱ्यांत काम करतो की नाही, कोण जाणे.