शिडाच्या सावलीत न बसणारी काच

बाबा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की मला स्वतःला आता लोक आजी म्हणतात, आणि तरी त्या काचेबद्दल तुझ्याशी बोलायचं राहिलंच. सोलर पॅनेल हा शब्द तू कधी उच्चारला नाहीस. तू काचच म्हणायचास, तेही तोंड जरा वाकडं करून. त्या वर्षी आपल्या पाचूबंदरात जवळजवळ सगळ्यांनी होड्यांना इंजिनं बसवली होती, तू मात्र शिडावरच जायचास. इंजिन नाही म्हणून बॅटरी नाही, बॅटरी नाही म्हणून दिवा नाही. वाऱ्यात कंदील विझायचा. पावसाळ्याच्या आधी आपल्या शेजाऱ्यांची होडी अंधारात एका ट्रॉलरने कापली, ते कसेबसे पोहत सुटले, आणि त्यानंतर तू समुद्रात असलास की आईला झोप लागत नसे. म्हणून ती काच मी घरात आणली.

म्हणजे मी नाही, त्याने आणली. अंधेरीच्या ज्या कारखान्यात अशी पॅनेलं बनायची तिथे आम्ही दोघं तपासणीच्या टेबलावर शेजारी बसायचो. त्याच्याशी लग्न करायचं मी मनाशी ठरवलं होतं, पण घरात बोलले नव्हते. तो एका रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर आला, टेबलाएवढी चकचकीत काच वर्तमानपत्रात गुंडाळून. "काका, ही माझ्याकडून भेट. दिवसा हिच्यावर बॅटरी भरा, रात्री डोलकाठीवर दिवा लावा, आयुष्यभर चिंता नाही." तू हात पुसलेस, काच हातात घेतलीस, उन्हात धरलीस, आणि डोळे बारीक करून तिच्या कडा न्याहाळल्यास. मला तेव्हाच राग आला होता. माणूस पाहुणा म्हणून येतो आणि तू त्याच्या वस्तूकडे शिळ्या पापलेटाकडे बघावं तसं बघतोस.

मी मीटर जोडला. काटा छान वर गेला. तो हसला, मीही हसले. मग तू काचेच्या एका कोपऱ्यावर नुसता तळहात ठेवलास आणि काटा पडला. हात उचललास, काटा वर. पुन्हा ठेवलास, पुन्हा पडला. "इतकीशी सावली आन् सगळीच बंद?" तू विचारलंस. तो म्हणाला, "काका, समुद्रात सावली कुठून येणार?" तू खिडकीतून किनाऱ्यावरच्या होडीकडे बोट केलंस. "शीड काय मी घरी ठेवून जातो?" तो म्हणाला, मीटर जुना आहे. मीटर मी स्वतः कारखान्यातून आणला होता, जुना नव्हता. पण मी तो काढून पिशवीत टाकला.

तुझं तेवढ्यावर भागलं नाही. तो गेल्यावर तू ती काच अंगणात बोंबील वाळायच्या बांबूंखाली टेकवून ठेवलीस आणि रोज सकाळी समुद्रावरून बादली आणून तिच्यावर ओतलीस. आई म्हणायची, "पोरीच्या मित्राची वस्तू आहे, जरा मान ठेवा." तू म्हणायचास, "मान ठेवूनच पानी घालतोय." आठव्या दिवशी काचेच्या आत धुकं चढलं, कडेला हिरवट डाग आले. त्यानंतरच्या रविवारी तो आला तेव्हा तू काच त्याच्यापुढे ठेवलीस. तो वैतागला. "खारं पाणी ओतून कोणी तपासतं का?" तू अगदी शांतपणे म्हणालास, "मग माझी होडी कुठल्या पान्यात चालते रे?"

त्या दिवशी मी तुझ्याशी भांडले. म्हणाले, तुला काच नको नव्हती, तुला तो नको होता. तू जाळं शिवत राहिलास. मी दोन महिने तुझ्याशी नीट बोलले नाही, होड्यांना फादर आशीर्वाद द्यायला आले तेव्हाही आईच्या पलीकडे उभी राहिले. कारखान्यात तो म्हणायचा, तुझ्या वडिलांनी सुरीने कड उचकटली असणार. आणि बाबा, मी त्यावर अर्धा विश्वास ठेवला. तू घरी नसताना मी ती काच उलटसुलट करून कडेवरून नख फिरवलं. एकही ओरखडा नव्हता.

मग मी त्याला विचारलं, ही काच तू कुठून घेतलीस? तो म्हणाला, "तुला काय करायचंय? भेट दिली ना? आणि साहेबांसमोर विषय काढू नकोस." एवढंच वाक्य. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता. त्यानंतर मी तपासणीचं टेबल बदलून घेतलं. घरी सांगितलं, त्याची बदली झाली. तू मान हलवलीस आणि थोड्या दिवसांनी, जणू काही मधे घडलंच नाही असं, म्हणालास, "दोन लहान काचा बघ. होडीच्या दोन्ही बाजूला एकेक. शीड इकडं वळलं तर तिकडची चालेल. कुठल्या घ्यायच्या ते तूच ठरव, मला त्यातलं काय कळतंय."

मी त्या रीतसर घेतल्या, प्रत्येकीची कड भिंग लावून पाहिली, वायरींचे जोड डांबराने बंद केले. तू होडी विकलीस तेव्हाही त्या चालू होत्या. घेणाऱ्याने दिवा लावून पाहिला आणि तू माझ्याकडे बघून म्हणालास, "हिने निवडल्यात." मी मान खाली घातली. तुला वाटलं, लाजले.

मला काय ठाऊक होतं ते तू कधीच विचारलं नाहीस, आणि हा कागद कुठे जायचा नाही म्हणूनच लिहिते. कारखान्यात नापास झालेल्या पॅनेलांचा मागचा नंबर खरडून टाकायचे, ते काम माझ्याच टेबलावर व्हायचं. पहिल्या रविवारी वर्तमानपत्र सोडवलं तेव्हाच मी काचेच्या मागची ती खरडलेली जागा पाहिली होती. पाहिली, आणि काच पटकन सुलटी करून तुझ्या हातात दिली.