वाकायामाच्या बोर्डातला अर्धा डाव

६ ऑक्टोबर १९९८, मंगळवार
टोकियोहून ओसाकात आलो आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. निप्पोनबाशीतलं हे दुकान म्हणजे नुसतं बोळकांडं, पण खिडकीत ऊन छान येतं. गेम पार्लरमधल्या मशीनचा सर्किट बोर्ड काढून घरच्या टीव्हीवर चालेलसा करून द्यायचा, हा धंदा. बोर्डाच्या कडेला छप्पन्न पितळी दाते, त्यांना वायरी, पलीकडे घरगुती कंट्रोलर. माझा कथलाचा डाग मोत्यासारखा बसतो. मालक कितबाताके देतात तो डाग म्हणजे शेंबडाचा गोळा. ते मला टोकियोवाले साहेब म्हणतात. म्हणोत बापडे.

८ ऑक्टोबर
वाकायामातल्या बंद झालेल्या पार्लरचा बोर्ड आला, विमानांच्या लढाईचा. दातांचे डॉक्टर निशिवाकी यांना तो घरी हवाय. खेळात शून्य, हौस मात्र दांडगी.

मालकांची एक रीत आहे. असा बोर्ड आधी जुन्या मशीनला जोडायचा, एक नाणं टाकायचं आणि कशालाही हात न लावता, एका नाण्यात मिळणारी तिन्ही विमानं पडेपर्यंत गप्प उभं राहायचं. पार्लरच्या शेवटच्या दिवशी कुणाचा तरी डाव अर्धा राहतो, तो त्याला पुरा करू द्यावा, मगच बोर्ड उघडावा, असं त्यांचं म्हणणं. साठी उलटली की माणसाला असले चाळे सुचतात.

९ ऑक्टोबर
मालक कोबेला मेहुणीकडे गेले. जाताना तीनदा बजावलं, की बाबा रे, तुझा विश्वास नसू दे, माझ्यासाठी म्हणून तेवढं नाणं टाक. टाकलं. दोन विमानं पडली. तिसरं पडेना, आपलं आपणच इकडून तिकडे सरकत राहिलं. बोर्डात काहीतरी शॉर्ट असणार. कंटाळून प्लग उपटला आणि डाग द्यायला बसलो.

१२ ऑक्टोबर
काम देखणं झालंय. टीव्हीला जोडलं, तर डाव तिसऱ्या विमानापासून पुढे सुरू. कंट्रोलर मी अजून लावलाच नव्हता. पुन्हा शॉर्टच. पण जो कुणी खेळतोय तो अगदीच ढ आहे, साध्या गोळ्या चुकवताना त्याची तारांबळ उडते. दुपारभर त्याला हसत बसलो.

१३ ऑक्टोबर
मालक परतले, त्यांना सांगितलं. ते पांढरेफटक पडले, पण चिडले नाहीत. त्याला आता हात हवेत लेका, कंट्रोलर तेवढा लावू नकोस, असं हळूच म्हणाले. डॉक्टरांनाही त्यांनी नाही म्हणून कळवलं. घाबरटपणाने दुकानं चालत नाहीत.

१४ ऑक्टोबर
लावला. बटण माझ्याआधी दबलं. नाही — अंगठाच माझ्याआधी हलला.

१५ ऑक्टोबर
जेवताना उजवा अंगठा चालूच होता. भात सांडला. नंतर डाग देताना तीन दाते जाळले. मी, दाते जाळले. या हातांपलीकडे माझ्यापाशी काही नाही. मला भीती वाटते आहे. लिहायची लाज वाटते.

१६ ऑक्टोबर
तो हरला की सुटशील, म्हणतात मालक. मुद्दाम हरायला बसलो. मी विमान गोळ्यांत घालतो, अंगठा बाहेर काढतो. तो ढ राहिलेला नाही. माझ्या हातावर शिकतोय —

१७ ऑक्टोबर
डाव्या हाताने लिहितोय. उजवा कंट्रोलरवरून सुटत नाही. मालक प्लगकडे गेले. मीच ओरडलो, नका, पाया पडतो, नका. मध्येच बंद केलं तर तो कायमचा माझ्या हातात —

दुपार. बाहेर लख्ख ऊन. विमान पडत नाही.

शेवटच्या दिवशी वाकायामाचं ते पार्लर खच्चून भरलं होतं, या मशीनपुढे रांग होती, हे मालक आत्ता सांगतात. आत्ता.

पडद्यावर दुसरा खेळाडू उतरलाय. अगदीच गाढव आहे, सरळ भिंतीवर जातोय — डावा अंगठा