हात वर करून मंजूर केलेला टँकर सोडण्याबाबत

दि. २४ मे २००४

प्रति,
मा. टँकर नियोजन अधिकारी,
पाणीटंचाई कक्ष, तालुका कचेरी

विषय: टीव्हीवरील चर्चेत भाग का घेतला याचा खुलासा व आपण मंजूर केलेला टँकर सोडण्याबाबत.
संदर्भ: आमच्या विहिरीच्या कठड्याला चिकटवलेली आपली नोटीस.

महोदय,

वरील विषयी खुलासा करतो की,

१. आम्हाला कोणी फूस लावली, असे आपण विचारता. आपल्याच शिपायाने लावली. टँकर मागायला आलो की साहेब मीटिंगला, नाहीतर दौऱ्यावर. शेवटी वैतागून विचारले, मग साहेब सापडतात तरी कुठे? तो म्हणाला, रविवारी धरणावर, भातसानगरला टीव्हीवाल्यांच्या चर्चेत बसणार आहेत. म्हणून आलो. टीव्हीत दिसायची हौस नव्हती. पाड्यात वीजच नाही, बघणार कोण?

२. चर्चेच्या शेवटी निवेदकबाई म्हणाल्या, धरणालगतच्या पाड्यांना आधी पाणी मिळावे असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करा. सगळ्यांनी केले. आपणही केला. आमच्या ग्रामसभेत हात वर झाले की ठराव मंजूर होतो. आमच्या पाड्यातल्या सकुबाई मेंगाळ तिथेच म्हणाल्या, "सायबांनी हात केलाय, आता नाय म्हनता येनार नाय."

टँकर आमच्याकडे विहिरीतच ओततात. म्हणून आपल्या भरवशावर बायकांनी दुसऱ्याच दिवशी तळाचे उरलेसुरले पाणी उपसून टाकले, गाळ काढला, विहीर घासून ठेवली.

३. टँकर आलाच नाही. आपली जीप आली आणि नोटीस चिकटवून गेली. त्यात आपण लिहिता की, तो हात केवळ कार्यक्रमापुरता होता. साहेब, कार्यक्रमापुरता वेगळा हात असतो हे आम्हाला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर ते गढूळ पाणी आम्ही जपून ठेवले असते. आपल्या खुर्चीची आम्हाला चीड आली आहे, हेही खुलाशात धरावे.

४. परवा सकुबाईंची सून काजल बाळंत झाली. घरात हंडा कोरडा. सुईणीने लुगड्याला हात पुसले आणि तसेच मूल घेतले. मुलगी आहे. तिला अजून आंघोळ घातलेली नाही.

तरी टँकर तात्काळ सोडावा. ते जमत नसेल तर आपण पुढच्या कोणत्या चर्चेत बसणार आहात ते कळवावे. काजल मुलीला घेऊन येईल, आणि आंघोळ तिथेच, आपल्यापुढे ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्याने घालू.

आपला नोटीसधारक,
सावळाराम गोजर मेंगाळ
बोरीचा पाडा, खर्डीजवळ

सोबत: पाड्यातील बायकांचे अंगठे.