घर विकेना, म्हणून भाडे वाढले

प्रति,
मा. सक्षम अधिकारी (घरभाडे),
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : श्रीमती गोजरबाई मोतीराम दांडगे, वय ५८, धंदा डबे पुरविणे, रा. पुंडलिकनगर.

विषय : घरांचे भाव उतरले असता राहत्या घराचे भाडे एकदम वाढविल्याबाबत व घर सोडण्यास मुदत मिळणेबाबत.

संदर्भ : घरमालकाची दि. ५ मेची लेखी सूचना.

महोदय,

अर्जदार गोजरबाई यांना लिहिता येत नाही. त्यांनी सांगितले तसे खाली उतरविले आहे. थोडे लांबले आहे, पण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

१. गोजरबाई पुंडलिकनगरात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत नऊ वर्षांपासून भाड्याने राहतात. कंपनीतल्या कामगारांना डबे देऊन घर चालवितात. पती मोतीराम फरशी बसविण्याचे काम करीत. तीन वर्षांपूर्वी त्यांचे उजवे अंग लुळे पडले व वाचा गेली. तेव्हापासून ते पुढच्या खोलीत खाटेवर असतात. भाडे एकदाही थकलेले नाही, हे मालकही नाकारणार नाहीत.

२. मालक सुदर्शन गाडेकर हे फुलंब्रीचे. बिडकीनकडे कारखाने येणार म्हणून घरांचे भाव चढले, तेव्हा त्यांनी कर्ज काढून त्या रस्त्याला आणखी एक घर घेतले. पुढे भाव बसले. गेल्या दिवाळीत ते आले आणि म्हणाले, "मावशी, लई अडकलो. हे घर विकून मोकळा होतो. गिऱ्हाईक आलं की दाखवत जा." सुदर्शन त्यांना मुलासारखे. गोजरबाई लगेच हो म्हणाल्या.

३. तेव्हापासून चैत्रापर्यंत सत्तावीस गिऱ्हाइके येऊन गेली. कोणी मोरीत डोकावले, कोणी भिंतीला कान लावला. एकाने सोबत वास्तूचा जाणकार आणला. खाटेची दिशा चुकली म्हणून त्याने आजारी माणसासह खाट फिरविली. दुसऱ्या जाणकाराने ती पुन्हा होती तशी केली. गोजरबाई फोडणी अर्धवट सोडून दार उघडीत, त्यामुळे डबे उशिरा जात आणि डब्याची दोन गिऱ्हाइके तुटली. प्रत्येक नवा माणूस आधीच्यापेक्षा कमी बोली करी. एकाने भाव पाडण्यासाठी बुटाची टाच फरशीवर आपटली व म्हणाला, "पोकळ आहे." ती फरशी मोतीरामांनी स्वतःच्या हाताने बसविलेली. बोलता येईना, म्हणून ते उठून दाखवायला गेले आणि खाटेवरून पडले. खुब्याचे हाड मोडले. तो माणूस घाबरून निघून गेला. सुदर्शननेच रिक्षा आणली आणि दवाखान्यात दोन दिवस बसून राहिला, हेही येथे नोंदवावे असे गोजरबाई म्हणतात.

४. घर विकले नाही. सगळे म्हणत, "थांबतो, अजून उतरतील." पण थांबायचे तरी कुठे? थांबणाऱ्यांनाही राहायला घर लागते. तेच लोक त्याच गल्लीत भाड्याचे घर विचारू लागले. पलीकडच्या नव्या इमारतीतली घरे न विकता बंद आहेत. वापरलेले घर स्वस्तात जाते म्हणून ती बांधणाऱ्यांना भाडेकरू नको. परिणामी गल्लीतले भाडे चढले आणि दि. ५ मे रोजी गोजरबाईंच्या हाती सूचना आली : सात हजारांचे साडेअकरा, नाहीतर एक जूनला घर रिकामे.

५. गोजरबाईंनी सुदर्शनला विचारले, "कांदा पडला तर कांदा सस्ता मिळतो. मग घर पडल्यावर भाडं महाग कसं रे?" तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, भाव पडला, पर हप्ता काय पडत नाय. विकून फेडीन वाटलं व्हतं. आता भाड्यातूनच काढावं लागतं. मला दुसरी वाटच नाय." गोजरबाईंनी त्याला जेवू घातले. तो खोटे बोलत नाही, हे त्यांना कळले होते. म्हणूनच त्या रात्रभर जाग्या राहिल्या. खोटे असते तर भांडता आले असते.

६. त्यानंतर त्यांनी अकरा घरे पाहिली. कुठे "आजारी माणूस नको", कुठे जिना. चार ठिकाणी सगळे ठरत आले होते, मग आडनाव विचारले गेले आणि घर "कालच दिलं" असे निघाले.

७. गेल्या रविवारी श्रेया नावाची मुलगी नवऱ्यासह घर पाहायला आली. या वेळी विकत नव्हे, भाड्याने. गोजरबाईंनी पाणी कोणत्या दिवशी येते, मोरीचे तोंड कधी तुंबते, सगळे खरे सांगितले. श्रेयाने खाटेकडे पाहून विचारले, "तुम्ही कुठं जाणार, काकू?" गोजरबाई म्हणाल्या, "अजून ठरलं नाय." ती दोघे चहा न घेता गेली आणि संध्याकाळी त्यांनी सुदर्शनला नको म्हणून कळविले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरे जोडपे दारात उभे होते.

सबब प्रार्थना : सुदर्शन गाडेकर यांना दंड करू नये. त्यांना बोलवावे, पण रागावू नये. भाडे एकदम न चढविता वर्षावर्षाने चढवावे असे समजावून सांगावे. तेही शक्य नसेल, तर मोतीरामांचे हाड जुळेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, मुदत द्यावी. डॉक्टरांनी त्यांना हलवू नका असे लिहून दिले आहे.

गोजरबाईंनी सामान बांधलेले नाही, पोती आणलेली नाहीत. एक जूनलाही त्या पहाटे चारला शेगडी पेटवतील आणि डबे करतील. हे कायद्याला धरून नसेल, तर आपण तसे त्याआधी लेखी कळवावे. त्या कोणाकडून तरी वाचून घेतील.

आपली नम्र,
(डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा)
गोजरबाई मोतीराम दांडगे
दि. १९ मे

सोबत : १) मालकाची सूचना, २) भाड्याच्या पावत्या, ३) डॉक्टरांची चिठ्ठी व हाडाचा फोटो.

लिहून देणार : करुणा जोगदंड, शेजारीण. मजकूर वाचून दाखविला. गोजरबाईंनी "रागावू नये" हे पुन्हा एकदा वाचायला लावले.