सातवा ठोका

३ मार्च
दादा आज तालमीत सगळ्यांसमोर म्हणाला— "तुला जमत नसेल तर कार्यक्रमाला बाहेरचा ड्रमर आणू." सख्खा भाऊ! त्याचं गाणं सतरा मिनिटांचं, मधला भाग सात ठोक्यांचा. माझा पाय जन्मापासून चारावर चालतो. आठवा ठोका आपोआप पडतो आणि सगळं घसरतं.

आणून तर दाखव म्हणावं. माझ्या ड्रमवर मीच बसणार.

५ मार्च
चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बोटांनी सराव. मालकीणबाई— "अगं, गिऱ्हाइकांना वाटेल तू त्यांना घालवायला बघतेस."

९ मार्च
सापडलं. आकडे मोजायचेच नाहीत. आ-ई-बा-बा-दा-दा-मी. झाले सात, पुन्हा आईपासून. भांडी घासताना, फ्रेमचे स्क्रू पिळताना तेच. आई म्हणाली, "माझा जप कधीपासून सुरू केलास?"

१४ मार्च
एकदाही घसरलं नाही. बेस वाजवणारा लंबू खूश. तो माझ्या पायाकडे बघूनच वाजवतो. दादा मात्र— "स्टेजवर बघू." असा तिळपापड झाला माझा! पण बघच म्हणावं.

२१ मार्च
झाला कार्यक्रम. हॉल भरलेला. पहिला भाग छान गेला. मग सातांचा. आधी मी एकटी वाजवते, नंतर दादाची गिटार शिरते. माझा एकही ठोका हलला नाही.

आणि दादा एक ठोका आधीच शिरला.

मी बरोबरच वाजवत राहिले असते तर तो सगळ्यांदेखत तोंडावर पडला असता. सातवा ठोका गिळला आणि त्याच्याबरोबर पुन्हा एकपासून सुरू केलं. लंबू माझ्या पायामागे आला. लोकांना पत्ताही लागला नाही. शेवटी टाळ्या थांबेनात.

आत आल्यावर दादा म्हणाला, "एक ठोका खाल्लास. पुढच्या वेळी बाहेरचाच आणतो." लंबू काही बोलणार होता, मी डोळ्यांनी गप्प केलं. चारचौघांत दादाला उघडं पाडणं जिवावर आलं. घरी येऊन रडले. पण ड्रम सोडणार नाही. उद्या पुन्हा सराव.

२४ मार्च
रेकॉर्डिंग ऐकून दादा दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच फ्रेमा बघत होता. मग म्हणाला, "मीच चुकलो होतो गं. तू सांगितलं का नाहीस?"

म्हटलं, "शनिवारी तालीम आहे ना? ह्यापुढे तू कधी शिरायचंस ते मी मोजून देणार."

"बरं," म्हणाला.