पहिल्या रांगेतली खुर्ची

रेणुकादास सर,

नमस्कार मुद्दामच लिहिला नाही.

मुखवट्यांच्या शिबिरात तुम्ही वर्गाचं दार लावून घेतलंत आणि म्हणालात, "पोरांनो, मनातलं बाहेर काढा. इथलं इथंच राहील." मी भोळी. कागदाच्या लगद्याचा हसरा मुखवटा केला आणि परीक्षेच्या सकाळी गोदावरीच्या पुलावर मी का उभी होते, ते त्याच्या आतल्या बाजूला लिहिलं.

मग विद्यापीठात तपासणी समिती आली. तुम्हाला दाखवायला काहीतरी हवं होतं. तुम्ही माझा मुखवटा उलटा करून, खाली माझं नाव लिहून टांगलात, आणि अहवालात मला 'बरी झालेली मुलगी' म्हणून दाखवलंत. पेपरात त्याचा फोटो आला आणि आमच्या गावी, मुरुडला पोचला. दुसऱ्याच दिवशी बाबा नांदेडला आले. "बास झालं शिक्षण. पेटी भर."

आठ महिने घरात होते. न्हाणीत गेले तरी आई दारावर थाप मारायची, "पुनम, हायेस ना गं?" तुम्हाला फोन केला, तर म्हणालात, "अगं, समितीनं तुझ्या मुखवट्याचं लई कौतुक केलं!"

भांडून परत आलेय. उद्या युवक महोत्सवात माझा एकपात्री प्रयोग आहे आणि प्रमुख पाहुणे तुम्ही. चष्मा पुसत "पोरांनो" म्हणायची तुमची लकब मी घोटून ठेवलीय. मुखवटाही तुमचाच केलाय, हसरा. आत तुमचं 'इथलं इथंच राहील' हे वाक्य लिहिलंय. शेवटी तो उलटा करून मोठ्यानं वाचणार आहे.

हे पत्र टाकणार न्हाई. आधी कळलं तर तुमची तब्येत बिघडेल, आणि पहिल्या रांगेतली ती खुर्ची मला भरलेली पाहिजे.

तुमच्या अहवालातली 'बरी झालेली मुलगी',
पुनम